फोडणी दिली की स्मोक अलार्म कोकलतो: स्टुडिओत राहणाऱ्यांसाठी

मंडळी, ज्यांच्या घरात मोहरी तडतडायच्या आधी छतावरचा स्मोक अलार्म तडतडतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे हा प्रकार जवळपास साडेचार महिने चालला, आठवड्यातून दोनतीनदा तरी. मी स्वयंपाक करणार आणि नवरा हातात टॉवेल घेऊन खुर्चीवर उभा, असं आमचं कामवाटपच ठरून गेलं होतं. आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना एकदा वाजला तर ती म्हणे, अगं तुमच्याकडे ॲम्ब्युलन्स आलीय का.

आधी घर कसलं ते सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. मॅनहॅटनमधे अप्पर ईस्ट साइडला १९६० च्या दशकातली पांढऱ्या विटांची एक २१ मजली बिल्डिंग, त्यात १७ व्या मजल्यावर आमचा भाड्याचा स्टुडिओ. जाहिरातीत लिहिलेलं, नुकताच रेनोव्हेट केलेला स्टुडिओ, फुल सर्व्हिस बिल्डिंग. फुल सर्व्हिस म्हणजे खाली चोवीस तास डोअरमन, बिल्डिंगमधेच राहणारा सुपर, म्हणजे सगळी देखभाल बघणारा माणूस, त्याच्या हाताखाली हँडीमन आणि पोर्टर, पार्सलची वेगळी खोली, तळघरात लाँड्री. स्टुडिओ म्हणजे काय तर एकच खोली, दारातून आत आलं की डावीकडे किचन, उजवीकडे बाथरूम, आणि पुढे जे काही आहे तेच हॉल, तेच बेडरूम, तेच नवऱ्याचं ऑफिस. किचन एकदम चकाचक, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, काचेची इलेक्ट्रिक शेगडी, छतापर्यंत कपाटं. शेगडीच्या वर स्टीलचा मोठा दिमाखदार हूड, आपण चिमणी म्हणतो ती. बघताक्षणी आवडलं होतं. आणि नेमकं त्या दिमाखानेच आमची वाट लावली.

तर आता क्रमाने सांगते, मी जे उलटसुलट केलं ते तुम्ही करू नका.

पहिल्यांदा आवाज नीट ऐका. तीन लांब बीप, थोडं थांबून परत तीन, म्हणजे धूर. चार बीप आणि थांबा असं असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे, तिथे टॉवेलबिवेल हलवत बसायचं नाही, सरळ बाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा. आणि मिनिटाभराने एकदा चिमणीसारखं नुसतं चिक् करत असेल तर बॅटरी संपलीय किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. आमचा तीनवाला होता, दर वेळी.

मग मी सगळे करतात तेच केलं, अलार्मला दोष दिला. आमच्या ओळखीतल्या एकांनी तर त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून ठेवली होती. तसलं काही करू नका हो, स्टुडिओत झोपायची जागा आणि शेगडी यांच्यात भिंतसुद्धा नसते, रात्री खरंच काही झालं तर तोच एक राखणदार आहे. पण अलार्म काढून त्याची पाठ जरूर वाचा, मी वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला सुरुवात झाली. पाठीवर बनवल्याची तारीख असते, दहा वर्षं झाली की तो बदलायचाच. आणि तिथेच तो कुठल्या जातीचा आहे तेही कळतं. अमेरिशियम २४१ असं काही लिहिलेलं असेल तर तो आयोनायझेशनवाला, ह्याच्या आत किरणोत्सर्गी पदार्थाचा अगदी कणभर अंश असतो आणि त्याला बारीक बारीक कण चटकन कळतात, म्हणजे भडकलेल्या आगीचे कळतात तसे तापलेल्या तेलाचेही कळतात. दुसरी जात फोटोइलेक्ट्रिक, त्यात प्रकाशाचा झोत असतो, तो जाडसर धुराला, म्हणजे गादी, सोफा धुमसतोय तसल्या धुराबाबत जास्त सावध असतो आणि फोडणीकडे जरा मोठ्या मनाने बघतो. आमचा पहिल्या जातीचा, आणि लावलेला कुठे, तर शेगडीपासून मोजून सहा फुटांवर! अमेरिकेतला जो फायर अलार्मचा कोड आहे तो बरीच वर्षं म्हणत आलाय की शेगडीपासून दहा फुटांच्या आत शक्यतो लावू नका, आणि दहा ते वीस फुटांच्या मधे लावायचा तर फोटोइलेक्ट्रिक लावा किंवा हश बटणवाला, म्हणजे बटण दाबलं की थोडा वेळ गप्प बसणारा, लावा. उलट न्यूयॉर्कचा नियम म्हणतो की झोपायच्या खोलीच्या दारापासून पंधरा फुटांच्या आत हवा. आता एकाच खोलीत दोन्ही नियम सांभाळायचे म्हणजे टेप घेऊन अक्षरशः कसरत होते.

मी सुपरला सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी फोटोइलेक्ट्रिक आणून लावला, दहा वर्षं चालणाऱ्या सीलबंद बॅटरीचा, आणि जागाही बदलली, आता पलंगाच्या बाजूला आहे, शेगडीपासून साधारण चौदा फूट. जागा निवडताना दोन गोष्टी त्याने सांगितल्या त्या लक्षात ठेवा, बाथरूमच्या दारापासून निदान तीन फूट लांब कारण गरम पाण्याच्या वाफेनेही वाजतो, आणि खिडकीखालचं जे हीटर-एसीचं खोकं असतं, पीटॅक म्हणतात, त्याच्या झोतातही नको, तिथे धूर पोचायच्या आधीच उडून जातो.

झालं, आठ दिवस शांतता. मला वाटलं सुटले. मग एका रविवारी ठेचा करायला घेतला.

तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, थोडं तेल. दोन मिनिटांत घरात असा ठसका भरला की मलाच दिसेना, अलार्म सुरू, आणि नवऱ्याने काय केलं तर बाहेरचं दार सताड उघडून त्यात बूट अडकवला, धूर कॉरिडॉरमधे जाईल म्हणून. गेलाच की! आमच्या बिल्डिंगमधे लिफ्टच्या समोर छताला प्रत्येक मजल्यावर एक डिटेक्टर आहे, तो आपल्या घरातल्यासारखा एकटा दुकटा नाही, बिल्डिंगच्या फायर अलार्मच्या पॅनलला जोडलेला आहे. त्याला धूर कळला की लिफ्ट आपोआप तळमजल्याला जाऊन दारं उघडून बसतात, कोणालाही वर घेत नाहीत, आणि खबर फायर डिपार्टमेंटला जाते. डोअरमनचा इंटरकॉम वाजला तोपर्यंत खाली सायरन ऐकू येत होते. पूर्ण जामानिमा करून आलेली माणसं आमच्या पंधरा पावलांच्या घरात, एकाने तव्यात वाकून बघितलं आणि जो खोकत सुटला! त्याला पाणी द्यावं की माफी मागावी मला कळेना. खाली लॉबीत कुत्री घेऊन, किराणा घेऊन वीसेक माणसं ताटकळत होती, त्यानंतर आठवडाभर मी लिफ्टमधे मोबाइलमधे डोकं घालून उभी राहायचे.

म्हणून हे मोठ्या अक्षरात वाचा: धूर झाला तर कॉरिडॉरचं दार उघडायचं नाही. लिफ्टचं सोडाच, त्यामागे फार वाईट कारण आहे आणि ते सुपरने त्या संध्याकाळी शांतपणे सांगितलं. ९ जानेवारी २०२२ ला ब्राँक्समधे एका १९ मजली बिल्डिंगमधे खालच्या घरात हीटरमुळे आग लागली, आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारं उघडी राहिली, धूर जिन्यातून वर पसरला आणि १७ माणसं गेली. बूट अडकवणं बंद झालं त्या दिवसापासून.

पण त्याच संध्याकाळी सुपर किचनकडे बघत एक प्रश्न विचारून गेला आणि तोच खरा मुद्दा. म्हणाला, तुमची किचनची जाळी कुठाय? मी म्हटलं कसली जाळी. तो म्हणाला, ह्या किचनला खिडकी नाही, म्हणजे जाळी असलीच पाहिजे.

ह्या वयाच्या उंच बिल्डिंगमधे किचन आणि बाथरूम बऱ्याचदा आतल्या बाजूला असतात, खिडकी नसते, म्हणून बांधतानाच एकावर एक असलेल्या सगळ्या घरांमधून एक उभी डक्ट, म्हणजे हवेची पोकळ नळी, वर गच्चीपर्यंत नेलेली असते, गच्चीवर एक मोठा पंखा असतो, तो दिवसरात्र सगळ्यांची हवा ओढत असतो. प्रत्येक घरात त्याचं तोंड म्हणजे भिंतीत वर एक छोटी जाळी, अगदी कुरूप, रंगाचे थर चढलेली. बाथरूममधली आमची होती, किचनमधली कुठेच नव्हती.

आता तुमच्याकडे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. टिश्यूपेपरचा एकच पदर घ्या आणि बाथरूमच्या जाळीला लावा, चिकटून बसला तर पंखा चालू आहे. मग किचनच्या जाळीला लावा, जाळी असेल तर. आणि हूड चालू करून हात त्याच्या वर-पुढे धरा. गरम वारा हातावर किंवा तोंडावर आला तर तुमचा हूड हवा बाहेर नेतच नाहीये, फिल्टरमधून फिरवून तुमच्याच घरात परत सोडतोय. ह्याला रिसर्क्युलेटिंग म्हणतात. त्यातली मेटलची जाळी तेल थोडंफार अडवते, कोळशाचा फिल्टर वास थोडाफार अडवतो, तोही काही महिन्यांनी बदलला तर, आमचा तर पहिल्यापासून तसाच होता. ठसका मात्र कोणीच अडवत नाही. म्हणजे इतके महिने मी तो फुल स्पीडवर लावून मिरचीचा धूर व्यवस्थित ढवळून अलार्मपर्यंत पोचवत होते!

जाळी सापडली ती १६ई मधे. आमचं १७ई, म्हणजे त्या बिल्डिंगच्या भाषेत आम्ही एकाच लाइनमधले, किचन बरोबर एकाखाली एक. तिथे एक आजी राहतात, चाळीस वर्षं झाली, किचनला हात लावलेला नाही, पिस्ता रंगाच्या टाइल्स, गोल कोपऱ्यांचा जुना फ्रीज. सुपर मला घेऊन गेला, शेगडीच्या डाव्या हाताला छताखाली वीतभर जाळी, आजींनी स्वतः टिश्यू फेकला आणि तो असा सप्पकन जाऊन चिकटला की मला हेवा वाटला. त्या म्हणाल्या, मी आयुष्यात हूड वापरला नाही. मग वर येऊन आम्ही तेवढंच अंतर मोजलं तर आमच्याकडे तिथे बरोबर ते छतापर्यंतचं सुंदर कपाट. मागची फळी काढली, त्यामागे नवी ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या बोर्डाची भिंत, ठोकून बघितलं तर पोकळ. आधीच्या रेनोव्हेशनमधे काँट्रॅक्टरने जाळीवर सरळ ड्रायवॉल मारून कपाट चढवलं होतं, फोटोत छान दिसावं म्हणून.

इथे मला एकदम वाटलं सोप्पंय, त्या डक्टला आपला हूडच पाइप लावून जोडून टाकू. सुपरने जवळजवळ हात जोडले. सामाईक डक्टला स्वतःचा पंखा जोडायचा नसतो, कारण गच्चीवरचा पंखा हलकेच ओढत असतो आणि तुमचा हूड जोरात ढकलतो, मग तुमचा ठेचा १६ई आणि १८ई च्या जाळीतून त्यांच्या घरात. काही लोक गुपचूप जोडतात आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात की आमच्या जाळीतून वास येतो. तुमच्याकडे उलटं, दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचा वास जाळीतून येत असेल तर लाइनमधल्या कोणीतरी हेच केलंय किंवा गच्चीवरचा पंखा बंद आहे, दोन्हीसाठी सुपरच गाठा.

काम कोणी करायचं आणि पैसे कोणाचे ह्यात पाच आठवडे गेले. थोडक्यात सांगते, घरमालकाने आधी म्हटलं तुम्ही कमी तेलात का करत नाही (हो, खरंच), मग आम्ही मॅनेजमेंट कंपनीला लेखी कळवलं, फोटो जोडले, डक्ट बिल्डिंगची सामाईक आहे आणि ती झाकली गेलीय असं स्पष्ट लिहिलं, आणि मग चक्रं फिरली. पत्रात अलार्म वाजतो असं लिहू नका, नाहीतर नवीन अलार्म देऊन बोळवण करतील, किचनचा एक्झॉस्ट बंद केलेला आहे असं लिहा. काँट्रॅक्टरच्या विम्याचा कागद, सर्व्हिस लिफ्टचं बुकिंग, काम फक्त वीकडेला नऊ ते चार, हे सगळं फुल सर्व्हिसमधे येतंच.

ड्रायवॉल कापली तेव्हा आत जाळी होती, मळकट, चिकट, वर फ्लॅटचा जुना रंग. तिच्या मागे फायर डॅम्पर म्हणजे लोखंडी झडप, ही एका छोट्या पट्टीवर उघडी टांगलेली असते, साधारण ७४ अंश सेल्सियसला ती पट्टी वितळते आणि झडप पडते, म्हणजे एका घरची आग डक्टमधून दुसरीकडे जाऊ नये. आमची झडप पडलेलीच होती, पट्टी गायब. सुपरचा अंदाज, रेनोव्हेशनच्या वेळी डक्टमधली काजळी खाली येऊ नये म्हणून कोणीतरी पाडली आणि विसरले. ती नवीन पट्टी लावून उघडली (ही बिल्डिंगच्या माणसाकडूनच करून घ्या, तार बांधून उघडी ठेवू नका, मग ती आगीत पडणार नाही), जाळी धुतली, कपाटाचा एक खण कापून गेला, मसाल्याचे डबे आता फ्रीजवर. टिश्यू लावला. चिकटला! नवऱ्याने त्याचा फोटो काढून आईला पाठवला, तिला काही कळलं नाही पण तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

एक राहिलंच, हवा बाहेर जायची तर आत यायलाही हवी. आमचं नवीन दार चारी बाजूंनी रबर लावून घट्ट केलेलं, त्याला हात लावायचा नसतो कारण ते आगीसाठीचं दार आहे, म्हणून स्वयंपाक करताना खिडकी बोटभर उघडते, तेवढी पुरते. पण हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही. थंडीत उंच बिल्डिंग म्हणजे एक मोठं धुराडंच असतं, आतली गरम हवा लिफ्टच्या आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढते, त्यामुळे वरच्या मजल्यांवर हवा खिडकीतून बाहेर जाते आणि खालच्या मजल्यांवर खिडकीतून आत घुसते. आम्ही १७ व्या मजल्यावर, जानेवारीत खिडकी उघडली की धूर सुळकन बाहेर. माझी मैत्रीण जर्सी सिटीत तिसऱ्या मजल्यावर, तिने माझं ऐकून सताड खिडकी उघडली तर गार वारा भसाभसा आत आणि तिच्या बटाटेवड्यांचा वास अख्ख्या कॉरिडॉरला. खालच्या मजल्यावर असाल तर खिडकी अगदी किंचित, आणि दाराच्या खाली टॉवेल गुंडाळून लावा.

स्वयंपाकाचं म्हणाल तर मी काहीच सोडलं नाही, पण काचेच्या शेगडीची एक खोड सांगते. बंद केली तरी काच तापलेली राहते, म्हणजे गॅससारखं बटण फिरवलं की फोडणी थांबते असं होत नाही, तेल तापतच राहतं आणि हिंग जळतो. मोहरी तडतडली की पळी सरळ उचलून बाजूला ठेवायची आणि मग हिंग, हळद, मिरची. आणि भाकरी करत असाल तर तव्यावरचं कोरडं पीठ दर भाकरीनंतर फडक्याने पुसा, आमच्याकडे निम्म्या वेळा अलार्म तेलाने नाही, त्या करपलेल्या पिठाने वाजायचा हे मला फार उशिरा कळलं.

डिसेंबर-जानेवारी एकदाही वाजला नाही. ठेचासुद्धा झाला. मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी साध्या वरणाच्या फोडणीला वाजला आणि माझं डोकंच फिरलं, परत तेच का. पण आता मी जाळीला टिश्यूची एक बारीक पट्टी सेलोटेपने कायमची लावून ठेवलीय, एरवी ती आत ओढली जाऊन जाळीला टेकलेली असते. वर बघितलं तर सरळ खाली लोंबकळत होती. खाली इंटरकॉम केला, सुपर गच्चीवर गेला, ई लाइनच्या पंख्याचा पट्टा तुटला होता, बहुतेक सकाळीच, आणि २१ मजल्यांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पट्टी परत जाळीला टेकली. आता तो लिफ्टमधे भेटला की हाय म्हणायच्या आधी विचारतो, पट्टी कशी आहे?